पेटा कुणाच्या डोक्याला

मंत्र्याच्या डोक्याला पेटा बांधणं हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. मंत्री हलत नाही, बोलत नाही, अर्धे डोळे मिटून बसतो आणि मधूनच "फोटोवाला आला का?" एवढं विचारतो. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून जी तरुण मंडळी घरी आली, त्यांना मात्र मंत्रीच हवे होते. "माधोजण्णा, मोठमोठ्यांच्या डोक्याला तुमचे हात लागलेत, त्या आठवणी द्या की." मी म्हटलं, अय्यो, मोठ्यांच्या आठवणी त्यांची मुलं लिहितील, तुम्ही कशाला काळजी करता? मला लिहायचं तर मी खेळाडूंच्या डोक्यांविषयी लिहीन. छापा नाहीतर सोडा.

आमचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग बेंगळुरात आलं म्हणतात. तेव्हा आमचे पूर्वज काय बांधत होते ठाऊक नाही, पण माझे आजोबा, वडील आणि मी, तिघांनी पेटेच बांधले. चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक पाट, एक आरसा आणि कापडांची पेटी. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे कुणाचा सत्कार म्हटला की नुसती शाल-श्रीफळ चालत नाही, म्हैसुरी पेटा, म्हणजे आमच्याकडचा जरीचा फेटा, लागतो. आता दुकानात तयार मिळतो, टोपीसारखा घालायचा नि टोपीसारखा काढायचा. त्याला मी पेटा म्हणत नाही, झाकण म्हणतो. आमच्या वेळी पेटा माणसाच्या डोक्यावर, माणसासमोर, सगळ्यांच्या देखत बांधायचा असे. कापड हलक्या खळीचं, निऱ्या बोटभर, आणि जरीचा पट्टा कपाळावर असा तिरका उतरला पाहिजे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ह्या माणसाला आज काहीतरी मिळालंय! सगळी मख्खी पहिल्या वेढ्यात. तो डोक्याला धरून बसला तर पुढचे वेढे पाहुण्यासारखे येतात. तो चुकला तर शेवटपर्यंत भांडण.

आणि खेळाडूंची डोकी म्हणजे भांडणच! त्या काळात आमच्या भागात काय खेळ होते म्हणून सांगू. गल्लीगल्लीत तालीम, तिला आम्ही गरडी म्हणतो. लाल माती, आतून दंडांवर थापा ऐकू यायच्या. दंडूत, म्हणजे लष्कराच्या बाजूला, फुटबॉल. आणि सगळीकडे संघ, म्हणजे गल्लीगल्लीतली मंडळं. रामनवमीला प्रसादाचं पानक-कोसंबरी वाटायचं आणि आपल्या भागाचं नाव काढलेल्या खेळाडूंना स्टेजवर बोलावून सत्कार करायचा, ही सगळ्या संघांची पद्धत. एका आठवड्यात मला चार-चार स्टेज असायची. घरी जेवायला यायचो ते सुद्धा बोटं निऱ्या घालत घालत.

उस्ताद हनुमंतप्पांचं डोकं मी कधी विसरणार नाही. पैलवानाचे कान मोडलेले असतात, सगळ्यांना माहीत आहे. पण पेटा कानांच्या वरच्या कडेवर टेकतो हे कुणाला माहीत नसतं. कानच नाहीत तर टेकणार कशावर? वर मान खांद्याइतकी रुंद. मी तीनदा बांधला, तीनदा वर सरकला. उस्ताद म्हणाले, "माधोजी, लंगोट कसा बांधतात? सुटला तर अब्रू जाते असं समजून बांधतात. तसा बांध." मी बांधला! त्याच स्टेजवर त्यांचा जुना जोडीदारही सत्काराला होता. दोघांनी मिठी मारली, मिठीतून एकानं पट काढला, दुसऱ्यानं बगल मारली, आणि हारांसकट दोघंही खाली! लोक शिट्ट्या वाजवताहेत, अध्यक्ष "सर, सर" करत मागे सरताहेत, हार तुटून मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं सगळीकडे. पण पेटा? जागचा हलला नाही. त्या दिवशी मी घरी नाचत गेलो.

उलट दंडूतल्या फुटबॉलवाल्यांनी माझं नाक कापलं. अनवाणी खेळून कप आणलेली पोरं ती. त्यांच्या सेंटर-फॉरवर्डला पेटा बांधून मी मागे वळतोय तोच खालून कुणीतरी मजेनं चेंडू वर उडवला. आता फुटबॉलवाल्याच्या डोक्याशी चेंडू आला तर तो काय करणार? हेड मारलं गड्यानं! चेंडू एकीकडे आणि माझा पेटा दुसरीकडे. गोलकीपर शेजारीच उभा होता. त्यानं चेंडू सोडला आणि झेप घेऊन पेटा पकडला. वर मला म्हणतो कसा, "अण्णा, चेंडू परत मिळतो, जरीचं कापड मिळत नाही." त्याला मी नंतर फुकट बांधला.

पण मला खरं सांगायचंय ते कावेरक्कांचं.

कावेरक्का आमच्या भागातल्या मुलींच्या शाळेत ड्रिल टीचर. आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच नवरा गेला, सासरच्यांनी परत पाठवलं, शाळेनं नोकरी दिली. सिद्दप्पा शेट्टरांच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांत, एका खोलीत एकट्या राहायच्या. फिकट काठाची साडी, घट्ट अंबाडा, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. ती शिट्टी वाजली की गल्लीतली कुत्रीसुद्धा ताठ उभी राहायची. शाळा सुटल्यावर सुकलेल्या तळ्याच्या मातीत त्या मुलींना खो-खो शिकवायच्या. शाळेच्या मुली तर होत्याच, पण विणकरांच्या, हमालांच्या, फुलवालीच्या, सगळ्यांच्या पोरी तिथं. आई-बापांशी भांडून आणलेल्या. "स्वैपाक काय, जन्मभर करायचाच आहे. पळणं आत्ताच होतं," असं तोंडावर सांगायच्या.

त्या मुलींनी जिल्ह्याचा कप आणला आणि आमच्या संघानं सत्कार ठेवला. मी कापड घेऊन हजर. स्टेजवर कोण बसलं असेल? शाळेचे हेडमास्तर! तळ्याकडे कधी फिरकले नाहीत ते. मी त्यांना पेटा बांधला, त्यांनी कप वर धरला, टाळ्या झाल्या. आणि कावेरक्का खाली, स्टेजच्या पायऱ्यांपाशी, मुलींच्या चपला राखत उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मुलींच्या मात्र होतं. त्यांची कॅप्टन शांता, फुलवालीची मुलगी, काटक आणि तोंडानं तिखट, माझ्या पुढ्यात येऊन म्हणाली, "माधोजण्णा, तुमचा पेटा छान झाला. डोकं चुकलं."

माझ्या मनातलंच बोलली कार्टी.

पुढच्या वर्षी त्याच मुली राज्याच्या फायनलला पोचल्या आणि फायनल बेंगळुरातच होती. तेव्हा शांता सगळ्या मुलींना घेऊन थेट सिद्दप्पा शेट्टरांच्या कापडदुकानात शिरली. शेट्टरु संघाचे अध्यक्ष. माणूस भला, पण लोक काय म्हणतील ह्याला फार भ्यायचा. मी तिथं कापड घ्यायलाच गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. शांता म्हणाली, "शेट्टरे, आम्ही जिंकलो तर ह्या रामनवमीला स्टेजवर आमच्या अक्का. हेडमास्तर नाहीत, अक्का. गिऱ्हाइकांसमोर हो म्हणा." दुकानात बायकांची गर्दी. शेट्टरु हसले, "सरी, सरी. पण आधी जिंका तर खरं!" त्यांना वाटलं असेल, धारवाडच्या मुलींपुढे ह्या कुठल्या जिंकतात.

वाटणारच. धारवाडची तुकडी म्हणजे काय विचारता! एकेक पोरगी उंच, लांब टांगांची, कपच मुळी आपल्या घरचा असल्यासारख्या आल्या होत्या. फायनलला अर्धी चिक्कपेट लोटली. मी पेटीसकट बाकावर उभा. शेवटचा डाव आमच्या पाठलागाचा. एक गडी बाद झाला की बरोबरी, दोन झाले की कप. पहिली मुलगी गेली ती शांताच्या खोवर, बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून असा काय "खो" दिला की ती उठली नाही, सुटलीच, आणि गडी टिपला! बरोबरी! आता राहिली त्यांची कॅप्टन. ती काही हाताला लागेना. खांबाला वळसा, परत खांबाला वळसा, हुलकावणी, परत हुलकावणी. घड्याळ संपत आलेलं. सगळे ओरडताहेत, कन्नडात, तमिळात, मराठीत, उर्दूत. मीही ओरडतोय, काय ते देवाला ठाऊक. आणि कावेरक्का मैदानाच्या कडेला उभ्या. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही मुठी घट्ट.

आणि खो शांताला मिळाला. खांबाकडे धावली. धारवाडची पोरगी खांब धरून गर्रकन वळली, आता सुटलीच म्हणताना शांतानं अंग झोकून दिलं! आडवी! मातीचा लोट! काही दिसेना. धूळ बसली तेव्हा शांता पालथी पडलेली आणि तिच्या बोटांची टोकं त्या मुलीच्या टाचेला टेकलेली. पंचांची शिट्टी वाजली. गडी बाद!

मी बाकावरून खाली कसा आलो आठवत नाही. एका अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. मग त्यानं मला माझाच पेटा आणून दिला. केव्हा डोक्यावरून पडला ते मला कळलंच नव्हतं. आणि कावेरक्का? त्या शांताजवळ जाऊन म्हणाल्या, "गुडघा धू आधी. माती गेलीय जखमेत." एवढंच. पण पदरानं तोंड पुसताना पुसायला बराच वेळ लावला त्यांनी.

रामनवमीला स्टेज सजलं. शब्द दिल्याप्रमाणे शेट्टरांनी अक्कांना बोलावलं होतं. तीन खुर्च्या. एका खुर्चीत गरडीचे उस्ताद हनुमंतप्पा, दुसरीत एक जुना सायकलपटू, तिसरीत कावेरक्का. पुढं मुलींची रांग, कप मधोमध. मी दोघांना पेटे बांधले. बाईमाणसाला पेटा नसतो, तिला हळदीकुंकू, साडी, ओटी आणि केसात फुलं. तसं तबक तयार. शेट्टरांची सून तबक घेऊन वर आली, अक्कांपुढे उभी राहिली, कुंकवाला बोट लावलं, आणि हात तसाच राहिला.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. खरं सांगतो, तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! कावेरक्का म्हणजे शिट्टी, कावेरक्का म्हणजे ड्रिल. त्यांना कुंकू लावता येत नाही, ओटी भरता येत नाही, हे संघातल्या एवढ्या शहाण्यांपैकी एकालाही आठवलं नाही. तबक सजवणाऱ्या बायकांनाही नाही. मानानं बोलावलं आणि सगळ्या गावासमोर नेमकी तीच गोष्ट पुढ्यात आणून ठेवली. सून पार रडकुंडीला आली. माइक नुसता खरखरत होता. शेट्टरु घाम पुसत कुजबुजले, "नुसती शाल घालू या, शाल चालते." मागून कुणी म्हणालं, "शालही नंतर घरी नेऊन द्या."

कावेरक्का उठल्या. हात जोडले आणि शांतपणे म्हणाल्या, "मुलींना कप मिळाला, मला पोचलं सगळं." आणि पायऱ्यांकडे वळल्या. पुन्हा त्याच पायऱ्या!

तेवढ्यात शांता उठली. ओरडली नाही, रडली नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बसली. उकिडवी, हात जमिनीला, खो-खोत बसतात तशी. तिच्या शेजारी दुसरी, उलट तोंड करून. मग तिसरी, पुन्हा इकडे तोंड. एक इकडे, एक तिकडे, अशी रांगच धरली पोरींनी, पायऱ्या पार अडवून. लोकांना आधी कळेना, मग कळलं, आणि अशी काय टाळी उठली!

"उठा!" अक्कांचा मैदानावरचा आवाज.

"खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, अक्का," शांता मान न वळवता म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

"शांते, तमाशा नको."

"तुम्ही खाली उतरायच्या नाहीत. आम्ही शेट्टरांना विचारूनच जिंकलोय."

लोक हसले, पण शेट्टरु गोरेमोरे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. का बघितलं ठाऊक नाही, बहुधा स्टेजवर जवळ उभा मीच होतो म्हणून. माझ्या हातात तिसरं कापड होतं. मी नेहमी एक जादा नेतो, ऐन वेळी फाटलं, भिजलं तर असावं म्हणून. लाल, जरीचं, कोरं. मी ते उलगडलं.

"माधोजी," शेट्टरु घाबरून म्हणाले, "काय करतो? पेटा बाईमाणसाला? पद्धत आहे काय?"

आता मी मुळात तापट माणूस, आणि तो दिवस असा. मी म्हटलं, "शेट्टरे, कापडाचं तुम्हाला कळतं, बांधायचं मला. माझ्या बापानं दोघांना पेटा बांधू नको म्हणून बजावलंय. एक, ज्याला सुतक आहे त्याला. दुसरा, जो जागेवर बसत नाही त्याला. बाईचं काही बोलला नाही. अक्का, बसता का?"

त्या बसेनात. उभ्याच राहिल्या, माझ्याकडे बघत. मी आवाज खाली आणला. त्या काळात परक्या पुरुषानं बाईच्या, त्यातून त्यांच्यासारखीच्या डोक्याला चारचौघांत हात लावणं म्हणजे काय होतं, ते आजच्या वाचकांना सांगून कळायचं नाही. "अक्का," म्हटलं, "हात लावू का?"

"डोक्याला बांधायचा तर हात डोक्यालाच लागणार," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. आणि बसल्या. पाठ ताठ.

मंडळी, त्या दिवसासारखा पेटा मी पुन्हा बांधला नाही. मला वाटलं होतं अंबाडा आड येणार. उलट अंबाड्यानं मागून असा काय आधार दिला की पहिला वेढा जाऊन बसला तो बसलाच. निऱ्या आपोआप पडत होत्या. अक्का जराही हलल्या नाहीत, फक्त त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. जरीचा पट्टा कपाळावर उतरला. कपाळ मोकळं होतं त्यांचं, त्यावर तो पट्टा असा उठून दिसला की मी दोन पावलं मागे सरून नुसता बघत राहिलो. उस्ताद खुर्चीतून उठले आणि त्यांना हात जोडले. मग सायकलवाले उठले. मग शेट्टरु. आणि मग काय विचारता, समोरची सगळी माणसं उभी! बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. अक्कांनी शिट्टी तोंडात धरली, एकदाच जोरात वाजवली, आणि रांगेतल्या पोरी एका झटक्यात उभ्या राहिल्या.

वरात निघाली. उस्ताद म्हणाले, जटक्यात आधी अक्का. जटका म्हणजे आमच्याकडचा टांगा. पोरी दोन्ही बाजूंनी धावताहेत, फुलवाली आपली टोपलीच्या टोपली उधळतेय, चिक्कपेटेत दुकानं सोडून लोक रस्त्यावर. मी घोड्याच्या पुढे चालत होतो, छाती काढून, जसा काही कप मीच आणलाय. दिवेलागणीच्या आत वरात वठाराशी पोचली. आणि तिथं येऊन थांबली.

कारण आमची एक रीत आहे. पेटा घालून माणूस घरी आला की दारात त्याला घरची बाई ओवाळते आणि मग आपल्या हातानं पेटा उतरवून घेते. बायको, आई, बहीण, कुणीतरी. अक्कांच्या खोलीला कुलूप. घरची बाई कोण? वठारातल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, एकमेकींकडे बघत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण पुढं कुणी होईना. बँड थांबला.

तेव्हा त्याच अंगणातल्या शेट्टरांच्या दाराआडून काठी वाजली. शेट्टरांची आई, अव्वा. कितीतरी वर्षं झाली होती शेट्टरांचे वडील जाऊन. तेव्हापासून अव्वा कुठल्या शुभकार्याला पुढच्या खोलीत आली नव्हती. स्वतःच्या नातवाचं लग्न तिनं कोठीघरातून ऐकलं होतं. ती उंबरा ओलांडून अंगणात आली. पांढरी साडी, कमरेत वाकलेली.

"तबक आण," सुनेला म्हणाली.

"अव्वा, तुम्ही?" शेट्टरु पुढं झाले.

"मग कोण? ती घरात कुणी नाही म्हणून अशीच उभी राहणार? माझ्या वठारात राहते ती, मी तिच्या घरची. आण तबक."

तिनं अक्कांना ओवाळलं. ज्योत हलत होती, पण विझली नाही. मग तिनं काठी शांताकडे दिली आणि रीतीप्रमाणे पेटा उतरवायला दोन्ही हात वर केले. पुरेनात. अक्का वाकल्या. अव्वाची बोटं जरीवर टेकली, तिथंच राहिली, आणि तिनं हळूच विचारलं, "जड लागतो काय गं?"

"लागतो, अव्वा," कावेरक्का म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "पण इतक्यात काढू नका."